परिविक्षा अधिकारी म्हणून रुजू झालात? पहिल्या तीन महिन्यांत शिकायच्या गोष्टी

रुजू झाल्यावर अकराव्या दिवशी मी पहिली गृहभेट केली आणि दुसऱ्या दिवशी अहवाल लिहून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. मोबाईल चोरीचं प्रकरण, मुलगा पंधरा वर्षांचा. सकाळी साडेअकराला वस्तीत पोहोचलो तेव्हा घराचं दार सताड उघडं, चूल विझलेली आणि चार वर्षांची बहीण उंबऱ्यावर एकटी बसलेली. मी लिहिलं, 'घरातील वातावरण बेशिस्त असून आईचे मुलांकडे दुर्लक्ष आहे.' मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, "हे तू पाहिलंस, कुणाकडून ऐकलंस, की तुला वाटलं?"

मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी पुन्हा गेलो. आई पहाटे पाचला उठून, भाकरी करून, चार घरची धुणीभांडी करायला जात होती. धाकटीला शेजारच्या आजींवर सोपवलेलं होतं. मी गेलो त्या वेळी आजी नळावर होत्या. माझं ते वाक्य तसंच बाल न्याय मंडळापुढे (मुलांची प्रकरणं तिथे चालतात) गेलं असतं, तर मुलाला आईच्या ताब्यात न देता निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, ठेवायला तेच कारण ठरलं असतं.

पाहिलं, ऐकलं, वाटलं. या तीन शब्दांतला फरक हाताला लागेपर्यंत परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी तयार होत नाही, असं माझं ठाम मत आहे. कायद्याची कलमं महिन्याभरात पाठ होतात, नमुने भरायला आठवडा पुरतो. हा फरक मात्र मुद्दाम शिकावा लागतो आणि आपल्याकडे तो फार थोडे वरिष्ठ शिकवतात. म्हणून हा लेख.

आपलं काम कायद्यात कुठे बसतं

महाराष्ट्रात आपण महिला व बाल विकास विभागाखाली काम करतो. आयुक्तालय पुण्याला, जिल्ह्यात जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी. लोक आपली गल्लत संरक्षण अधिकाऱ्यांशी करतात. ते कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा पाहतात, आपण गुन्ह्याच्या आरोपात सापडलेली मुलं आणि शिक्षेऐवजी परिविक्षेवर, म्हणजे चांगलं वागण्याच्या हमीवर, सोडलेली माणसं पाहतो. ही ओळख दोन वाक्यांत सांगता यायला हवी, कारण ती तुम्हाला रोज कुणाला तरी सांगावी लागणार आहे.

दोन कायदे उशाशी ठेवा.

पहिला गुन्हेगार परिविक्षा अधिनियम, १९५८. मुंबई प्रांतात असा कायदा १९३८ पासूनच होता. १९५८चा देशभरासाठी झाला. कलम ३ खाली किरकोळ गुन्ह्यात पूर्वी दोषी न ठरलेल्या माणसाला न्यायालय समज देऊन सोडू शकतं. कलम ४ खाली, मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकेल असे गुन्हे सोडून इतर गुन्ह्यांत, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं. देखरेखीचा आदेश दिला तर तो किमान एक वर्षाचा. कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांसाठी आहे. तिथे तुरुंगवास द्यायचा तर न्यायालयाला कारणं नोंदवावी लागतात आणि आधी तुमचा अहवाल मागवावा लागतो. कलम १४ मध्ये तुमची कर्तव्यं आहेत: घरची परिस्थिती तपासणं, देखरेख, गरज पडल्यास काम मिळवून देण्याची खटपट, नुकसानभरपाई भरायला मदत. त्यातल्या 'काम मिळवून देण्या'वर बोट ठेवून वाचा. पुष्कळ अधिकारी ते विसरतात.

दुसरा बाल न्याय अधिनियम, २०१५. पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतल्यावर चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करायचं असतं. मंडळ म्हणजे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक महिला. सामाजिक तपासणी अहवाल पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत द्यायचा. हे पंधरा दिवस फार लवकर संपतात.

यात १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता आल्या. फौजदारी प्रक्रिया संहितेचं परिविक्षेवर सोडण्याबद्दलचं कलम ३६० आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४०१ झालं आहे. पुढचं ४०२ सांगतं की परिविक्षा देता येत असूनही दिली नाही, तर न्यायालयाने विशेष कारणं लिहायची. भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही नवी शिक्षाही आली, उदाहरणार्थ पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि ऐवज परत केला असेल तर. ती सेवा किती तास, कुठे, कुणाच्या नजरेखाली, हे संहितेत तपशिलाने दिलेलं नाही. त्यामुळे तुमच्या तालुक्यात कोणता सरकारी दवाखाना, ग्रंथालय किंवा नगरपालिकेची बाग असा माणूस सांभाळायला तयार आहे, याची यादी आधीच करून ठेवा. विचारणा झाली की लगेच देता येते.

पहिले पंधरा दिवस: बसा, बघा, वही करा

मंडळाच्या बैठकीचे वार विचारून घ्या आणि पहिल्या चार बैठका मागच्या खुर्चीवर नुसते बसा. कुणी बोलत असेल तेव्हा मुलाचे डोळे कुठे आहेत ते पाहा. कोणत्या अहवालावर सदस्य थांबून प्रश्न विचारतात आणि कोणता नुसता चाळून ठेवतात, ते टिपा.

एक अख्खा दिवस निरीक्षणगृहात काढा. जेवणाच्या वेळी असा, संध्याकाळच्या मोकळ्या वेळीही असा. तिथून मूल बाहेर काढण्यासाठी किंवा तिथे ठेवण्यासाठी तुम्ही उद्या शिफारस लिहिणार आहात; तर ती जागा, तिथला वास, तिथले आवाज तुमच्या अंगात असले पाहिजेत. मुलं आल्या-आल्या विचारतात, "सर, मला घरी कधी सोडणार?" याला खोटी तारीख सांगू नका. पुढच्या बैठकीचा वार सांगा, तेवढं खरं असतं.

मग वही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन तिथल्या वकिलांना भेटा. विशेष बाल पोलीस पथक, ठाण्यांतले बाल कल्याण पोलीस अधिकारी, जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, जवळचं व्यसनमुक्ती केंद्र, आयटीआय, पुन्हा शाळेत घेणारे मुख्याध्यापक, कामाला मुलं ठेवणारे गॅरेजवाले मिस्त्री (वय आणि कामाचे नियम तपासून), हे सगळे वहीत. मुंबईत १९९० पासून काम करणारा टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प तुरुंग आणि न्यायालयांतल्या माणसांबरोबर नेमकं काय करतो, हे एकदा तरी समजून घ्या. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या) फील्डवर्कमध्ये शिकलेलं इथेच पहिल्यांदा उपयोगी पडतं.

पंधरा दिवसांत तुमच्या हाती एकही स्वतंत्र अहवाल नसेल तर अस्वस्थ होऊ नका. वही भरलेली असली की झालं.

गृहभेट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सरकारी पाटीची जीप वस्तीच्या तोंडाशी उभी करू नका. ओळखपत्र खिशात ठेवा, घरात गेल्यावर दाखवा. पत्ता विचारताना मुलाचं प्रकरण कुणाच्याही कानी जाता कामा नये. "इथे अमक्यांचं घर कुठलं?" एवढंच. कोण तुम्ही म्हणून विचारलं तर "त्यांना भेटायला आलोय". खोटी ओळख सांगायची नाही आणि खरीही चौकात सांगायची नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यावर बंदी घालतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वस्तीतल्या पोरांना त्या कलमाची पर्वा नसते, एकाने ऐकलं की शाळेपर्यंत पोहोचतं.

वेळ अशी निवडा की कमावती माणसं घरी असतील. रोजंदारीवरच्या बापाला दुपारी बोलावणं म्हणजे त्याचा दिवस बुडवणं. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांचं कॅलेंडर वेगळं असतं: दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, हंगाम संपेपर्यंत घराला कुलूप असतं आणि म्हाताऱ्या आजीजवळ एखादं पोर राहिलेलं असतं. 'घर बंद आढळले, पालक बेपत्ता' असं लिहिणारा अधिकारी मी पाहिला आहे. मुकादमाचा फोन नंबर मिळवला असता तर पालक कुठल्या कारखान्याच्या तळावर आहेत, ते दोन मिनिटांत कळलं असतं.

दिलेलं पाणी नाकारू नका. हे मी फार गांभीर्याने सांगतो. पारधी पालावर, दलित वस्तीत, मांगवाड्यात तुम्ही पाण्याचा पेला बाजूला सारलात तर तो का सारला, याचा एकच अर्थ तिथे लावला जातो, मग तुम्हाला काहीही म्हणायचं असो. त्यानंतर मिळणारी सगळी उत्तरं साहेबाला द्यायची उत्तरं असतात. पाणी घ्या, सतरंजीवर बसा. 'चहापाण्याचे' म्हणून कुणी नोट पुढे केली तर मात्र तिथल्या तिथे, आवाज न चढवता, परत द्या आणि कार्यालयात आल्यावर डायरीत नोंद करा.

पहिला प्रश्न गुन्ह्याबद्दल कधीच नको. आईला विचारा, हा लहानपणी कसा होता. आजारपणं, शाळा, आवडीचं खाणं. मग 'शाळा का सोडली' असं न विचारता 'शाळा कधी सुटली' असं विचारा. का विचारलं की सबब मिळते. कधी विचारलं की गोष्ट मिळते, आणि त्या तारखेच्या आसपास बापाचा अपघात, स्थलांतर, बहिणीचं लग्न, काहीतरी निघतंच. त्यानंतर विचारा, "हा कुणाचं ऐकतो?" याचं उत्तर फार मोलाचं आहे. कधी मामा असतो, कधी तालमीतले वस्ताद, कधी पाचवीच्या वर्गशिक्षिका. देखरेखीच्या काळात तुमचा खरा आधार हाच माणूस असतो, त्याचं नाव वहीत घ्या.

मुलाशी वेगळं बोला, पण घरच्यांच्या नजरेच्या टप्प्यात. मार खाल्ल्याच्या खुणा, झोप, भूक, नशा, कुणाचे पैसे देणं आहे का, कुणी धमकावतं का. गोरमाटी, पारधी, भिली, वडारी बोलणाऱ्या घरात मुलालाच दुभाषी करू नका. स्वतःवरच्या तक्रारी त्याने स्वतःच भाषांतरित करायच्या, हे त्याच्यावर फार ओझं होतं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक रेघ ओढून ठेवा. तपासणी अहवालाच्या वेळी मूल दोषी ठरलेलं नसतं आणि निर्दोषत्वाचं गृहीतक हे त्या कायद्याचं पहिलं तत्त्व आहे. तुम्ही कबुलीजबाब काढायला गेलेला नाही. घटनेबद्दल ते आपणहून बोललं तर 'मुलाचे म्हणणे' एवढ्याच शीर्षकाखाली लिहा. प्रौढाच्या प्रकरणात तुमचा अहवाल बहुधा दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षेआधी मागवतात. तिथे मोकळेपणाने विचारता येतं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात: कुठे जाताय आणि किती वाजता परत याल, हे कार्यालयात लिहून जा. घरात कुणी प्यायलेलं असेल तर नमस्कार करून परत फिरा, दुसऱ्या दिवशी या. महिला सहकाऱ्यांनी अंधार पडल्यावर एकटीने अनोळखी वस्तीत जायला ठाम नकार द्यावा आणि वरिष्ठांनी तो मान्य करावा.

अहवाल लिहिताना

घरी पोहोचायच्या आत, एसटीत बसल्या-बसल्या, वहीच्या पानावर तीन उभे रकाने पाडा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. 'ऐकलं'मध्ये कुणाकडून ते लिहा. 'वाटलं'मध्ये लिहिलेलं प्रत्येक वाक्य पहिल्या दोन रकान्यांतल्या कशाला तरी बांधता आलं पाहिजे. बांधता आलं नाही तर ते अहवालात जात नाही.

काही उदाहरणं देतो.

'मुलगा वाईट संगतीत आहे.' कुणी सांगितलं? शेजाऱ्याने. तर लिहा: 'शेजारी राहणाऱ्या व्यक्तीच्या सांगण्यानुसार मुलगा संध्याकाळी वयाने मोठ्या तीन मुलांबरोबर बसस्थानकाजवळ असतो. आईला ही मुले माहीत आहेत, त्यातील एक चुलत भाऊ आहे.' आता मंडळाला विचार करायला काहीतरी मिळालं.

'वडील व्यसनी आहेत.' पाहिलंत का? 'आईच्या सांगण्यानुसार वडील आठवड्यातून दोन-तीन दिवस दारू पितात, त्या दिवशी मुलगा आत्याकडे झोपायला जातो. भेटीच्या वेळी वडील शुद्धीत होते व त्यांनी स्वतःहून उपचाराबद्दल विचारले.' दुसरं वाक्य गाळणं हाही अन्याय आहे.

'कुटुंब गुन्हेगारी पार्श्वभूमीचे आहे.' हे वाक्य माझ्या मते कुठल्याच अहवालात असू नये. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला. या जमातींना कोंडून ठेवलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटच्या (तारेच्या कुंपणातल्या वसाहतीच्या) तारा निघाल्या. शिक्का मात्र ठाण्याच्या कागदांतून आपल्या कागदांत उतरत राहतो. एखाद्या नातेवाइकावर गुन्हा दाखल असेल आणि त्याचा मुलाच्या सुरक्षिततेशी संबंध असेल, तर तेवढंच, नेमकं लिहा. जमातीचं नाव कारण म्हणून लिहू नका.

शब्दही जपून. 'बालगुन्हेगार', 'आरोपी', 'सराईत' हे शब्द मुलाच्या अहवालात नकोत. कलंक लावणारी भाषा टाळणं हे २०१५च्या कायद्याचं तत्त्व आहे. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा शब्द जड आहे खरा, पण अहवालात तोच. बोलताना नुसतं त्याच्या नावाने बोलवा.

वयाची कागदपत्रं सुरुवातीलाच पाहून घ्या. कायद्याचा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचं दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. पालावरच्या मुलांचं बहुतेक वेळा शाळेत अंदाजे लिहिलेलं वय असतं. म्हणून मुख्याध्यापकांकडून प्रवेश नोंदवहीचीच प्रत घ्या. सतरा वर्षांच्या मुलाला अठरा पूर्ण समजून तुरुंगात पाठवलं गेलं, तर ते मागे घ्यायला महिने लागतात.

सोळा ते अठरा वयोगट आणि घृणास्पद गुन्हा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा, असं प्रकरण पहिल्या तीन महिन्यांत एकट्याने हाताळू नका. तिथे मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि मुलावर प्रौढासारखा खटला चालेल का, हे त्यावर अवलंबून असतं.

शिफारस आणि अटी

अहवालाचा शेवट शिफारशीने होतो आणि नवा अधिकारी तिथे हमखास मोघम होतो: 'योग्य तो आदेश व्हावा ही विनंती.' हे काम टाळणं झालं. मुलाच्या बाबतीत मंडळाकडे बरेच पर्याय आहेत: समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या ताब्यात परिविक्षा, शेवटी विशेष गृह (दोषी ठरलेल्या मुलांना सुधारणेसाठी ठेवतात ती संस्था). यातलं काय आणि का, ते सांगा. अंतिम निर्णय त्यांचाच.

अटी सुचवताना तीन गोष्टी तपासा. पाळता येईल का? तपासता येईल का? घडलेल्या गोष्टीशी तिचा संबंध आहे का?

'रात्री आठनंतर घराबाहेर पडू नये' ही अट कागदावर शोभते. बापाची भुर्जीची गाडी रात्री अकरापर्यंत चालत असेल आणि मुलगा ताटल्या धूत असेल, तर पहिल्याच रात्री ती मोडते. 'वाईट संगत सोडावी' तपासता येत नाही. 'दर सोमवारी कार्यालयात हजेरी' लावली आणि गाव पन्नास किलोमीटरवर असेल, तर एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज मिळून ती शिक्षाच झाली. हजेरी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा, तालुक्याला तो तसाही येतोच.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोघांचा जीव गेला. त्या प्रकरणात जामिनाच्या पहिल्या आदेशात तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती आणि त्यावर देशभर संताप उसळला. परिविक्षा, समुपदेशन, समाजसेवा हे शब्द अनेकांनी त्या निमित्ताने पहिल्यांदा ऐकले, तेही रागातून. तेव्हापासून मी नव्या सहकाऱ्यांना एवढंच म्हणतो: अट सुचवण्याआधी ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात मनाने एकदा उभे राहा. १९५८च्या कायद्याच्या कलम ५ खाली नुकसानभरपाई देता येते आणि ती भरायला मदत करणं आपलं कामच आहे. महिन्याला पाचशे रुपयांचा हप्ता एखादा तरुण दोन वर्षं नेमाने भरतो, तेव्हा दोन्ही घरांत काहीतरी हलतं. हे मी पाहिलेलं आहे.

पत्त्याचा मुद्दा विसरू नका. कलम ४ खाली सोडायचं तर गुन्हेगाराचं किंवा त्याच्या हमीदाराचं कायमचं राहतं घर अथवा नियमित काम त्या भागात हवं. त्यातल्या 'किंवा'मुळे स्थलांतरित मजुरांची वाट मोकळी होते. तो स्वतः दर सहा महिन्यांनी जागा बदलत असेल, पण गावातला सख्खा काका जामीन राहायला तयार असेल, तर ते अहवालात ठळक लिहा. न्यायालयाचं लक्ष तिकडे वेधणारं दुसरं कुणी तिथे नसतं.

न्यायालयात उभं राहताना

अहवाल बंद पाकिटात द्या. तो गोपनीय असतो. मात्र १९५८च्या कायद्यात न्यायालय त्याचा आशय संबंधिताला सांगू शकतं आणि त्याला पुरावा द्यायची संधी देऊ शकतं. म्हणजे तुम्ही जे लिहिलंत ते एक दिवस त्या आईसमोर वाचलं जाईल, असं धरूनच लिहा.

प्रश्न आला तर आधी रकाना सांगा. "मी हे प्रत्यक्ष पाहिलं, साहेब." "हे शाळेतून कळलं." "हा माझा निष्कर्ष आहे." माहीत नसेल तर "तपासून पुढच्या तारखेला सांगतो." वकिलांनी आवाज चढवला तरी उत्तर दंडाधिकाऱ्यांकडे पाहूनच.

देखरेख

आदेश झाला की त्याच आठवड्यात घरी जा आणि आदेश घरच्या भाषेत वाचून दाखवा. बंधपत्रावर अंगठा किंवा सही करताना आत काय लिहिलं आहे, हे फार थोड्यांना कळलेलं असतं. प्रत्येक अट झाली की मुलाकडून ती त्याच्या शब्दांत परत वदवून घ्या.

पहिला महिना मी दर आठवड्याला भेटतो, पुढचे दोन महिने पंधरवड्याला, मग जम बसला की महिन्याला. सुरुवातीला वेळ जास्त लागतो, पण गाडी घसरते ती बहुधा पहिल्या सहा-आठ आठवड्यांतच. भेटीत दर वेळी एक ठोस काम पुढे सरकवा: आधार कार्डची दुरुस्ती, शाळेचा दाखला, आयटीआयचा अर्ज, बँक खातं. नुसतं 'कसं चाललंय' विचारून निघालात तर तिसऱ्या भेटीनंतर तो घरी सापडणार नाही.

मुलगा ज्यांचं ऐकतो त्या मामांना किंवा वस्तादांना, घरच्यांच्या संमतीने, महिन्यातून एकदा फोन करा. पोलीस ठाण्यातून दर सणाला 'खबरदारी' म्हणून मुलाला बोलावून बसवून ठेवत असतील, तर बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांशी बोला आणि मंडळाच्या कानावर लेखी घाला. गणपतीच्या दिवसांत हे प्रकार वाढतात.

नोंद त्याच दिवशी. मुलाचा फोटो, नाव, पत्ता व्हॉट्सअ‍ॅपच्या कुठल्याही गटात टाकायचा नाही, कार्यालयाच्या गटातही नाही.

अट मोडली तर

आधी कळू द्या काय झालं. दोन हजेऱ्या चुकल्या म्हणजे काय? आजारपण, मजुरी, भीती, की तो गाव सोडून गेला? पुन्हा तेच तीन रकाने. मग ठरवा.

अटच चुकीची होती असं दिसलं तर १९५८च्या कायद्याच्या कलम ८ खाली अटी बदलून मागता येतात. हा रस्ता फार कमी वापरला जातो, तो वापरा. खरोखर उल्लंघन असेल तर कलम ९: न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढतं, म्हणणं ऐकतं आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिलीच चूक असेल तर बंधपत्र चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड लावण्याचीही सोय आहे. कळवायला उशीर करू नका. दया म्हणून लपवलेलं उल्लंघन दोन महिन्यांनी नव्या गुन्ह्याबरोबर बाहेर येतं आणि मग पुढच्या दहा मुलांच्या अहवालांवरचा विश्वासही जातो. माझ्याकडून एकदा हे झालं आहे. त्या मंडळापुढे माझा शब्द पुन्हा वजनाने ऐकला जायला वर्ष लागलं.

वरिष्ठांसाठी दोन शब्द

नव्या माणसाला आल्या दिवशी साठ नस्त्या (फायली) देऊ नका. पहिल्या तीन गृहभेटी तुमच्या मागे, पुढच्या तीन त्याच्या मागे तुम्ही. दोघांनी वेगवेगळे रकाने भरायचे आणि संध्याकाळी समोरासमोर ठेवायचे. एकच घर दोघांना किती वेगळं दिसलं, हे त्याला तिथे कळतं. पहिले पाच अहवाल पेन्सिल घेऊन वाचा.

आणि त्याला विचारा की झोप लागते का. मुलांच्या अंगावरचे वळ पाहून आलेला पंचविशीतला अधिकारी मुकाट्याने फाईल भरत बसतो. त्याच्याशी त्याच दिवशी बोलायचं, आढावा बैठकीपर्यंत थांबायचं नाही.

मुदत संपली की

बहुतेक ठिकाणी शेवटचा अहवाल गेला की नस्ती बंद होते आणि त्या माणसाला कुणी काही सांगत नाही. तुम्ही शेवटची भेट घ्या. मुलाला सांगा की बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे या प्रकरणामुळे त्याला कुठलीही अपात्रता लागत नाही (बालन्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी ठरवलेला सोळावरचा मुलगा वगळता) आणि नियमांनुसार ते रेकॉर्ड ठरावीक काळानंतर नष्ट करायचं असतं. प्रौढाला १९५८च्या कायद्याचं कलम १२ समजावून सांगा: परिविक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही, मात्र आधीच नोकरीत असेल तर खात्यांतर्गत कारवाई त्यामुळे आपोआप थांबत नाही. हे अर्धं सांगून भागत नाही, दोन्ही सांगा.

पोलीस भरतीचा किंवा कंपनीचा पडताळणी अर्ज आला की काय लिहायचं, हे विचारायला तो दोन-तीन वर्षांनी येईल. तेव्हा तुमची बदली झालेली असेल. म्हणून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत त्याच्या हातात द्या, विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता तिच्या मागे लिहा आणि आईला ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगा. त्या पिशवीतले कागद पुरातही घराबाहेर नेले जातात.